पंख लाभण्यापूर्वी

नाशिक शहरातून नाशिकरोडकडे जाणारा मोठा रस्ता उपनगर-गांधीनगर या वस्त्यांजवळ आला, म्हणजे सकाळच्या वेळी प्रवाशांच्या माना आपोआप वर वळतात. तेथे सैन्याचा एक लहानसा विमानतळ आहे. मोठ्या विमानतळाचा थाट त्याला नाही. प्रवाशांची गर्दी नाही, काचेच्या उंच इमारती नाहीत. एक धावपट्टी, काही हँगर आणि सभोवती गवताळ मैदान, एवढाच त्याचा संसार. या मैदानावर जमिनीपासून पुरुषभर उंचीवर एखादे हेलिकॉप्टर बराच वेळ एकाच जागी थबकलेले दिसते. ते पुढे जात नाही, मागे येत नाही, वर चढत नाही की खाली उतरत नाही. पाहणाऱ्यास वाटते, शिकाऊ वैमानिक विश्रांती घेत असावा. वस्तुतः त्या वेळी त्याच्या कपाळावर घाम आलेला असतो. कारण हेलिकॉप्टर चालविण्याच्या विद्येत पुढे उडण्यापेक्षा असे एका जागी स्थिर राहणेच नवशिक्यास अधिक कठीण जाते.

सैन्याच्या वैमानिकांना लढाऊ हेलिकॉप्टर-उड्डाणाचे शिक्षण देणारी संस्था या विमानतळावर २००३ साली स्थापन झाली. नाशिकचे स्थान तिला साजेसे आहे. जवळच देवळालीस तोफखान्याचे विद्यालय आहे, आणि आपल्या सैन्यातील उड्डाणाची परंपरा तोफखान्यातूनच उगम पावलेली आहे. तोफेचा गोळा डोंगरापलीकडे जाऊन कोठे पडला, हे तोफेजवळ उभ्या असलेल्या सैनिकास दिसत नाही. ते पाहण्यासाठी उंचावरचा डोळा हवा. म्हणून तोफखान्याचेच अधिकारी लहान, हलक्या ऑस्टर विमानांतून उडत आणि गोळ्याच्या पल्ल्यात काय सुधारणा करावयाची ते बिनतारी यंत्रावरून कळवीत. १९४७ साली स्वातंत्र्याबरोबर असे एक लहानसे पथक भारताच्या वाट्यास आले. त्याचा विस्तार होत होत १ नोव्हेंबर १९८६ रोजी सैन्याचे स्वतंत्र उड्डाणदल अस्तित्वात आले.

मुलांनो, आता एक व्यवहाराचा प्रश्न विचारू. उडावयास शिकणे ही मोठी खर्चाची गोष्ट आहे. नागरी वैमानिकाचा व्यावसायिक परवाना मिळविण्यासाठी २०० तासांचे उड्डाण करावे लागते, आणि त्याचा खर्च कित्येक लाख रुपयांच्या घरात जातो. निफाडच्या शेतकऱ्याच्या किंवा नाशिकरोडच्या मुद्रणालयातील कामगाराच्या मुलीने वैमानिक होण्याचे स्वप्न पाहिले, तर तिने काय करावे? या प्रश्नाचे एक उत्तर सैन्य आणि वायुदल देते. तेथे उमेदवाराची पात्रता पारखून घेतात, आणि ती पटली की इंधन, यंत्र, शिक्षक, भोजन, निवास या सर्वांचा भार शासन उचलते. जगात इतरत्रही अशी रीत आहे. ब्रिटनमध्ये वायुदलाशी संलग्न असलेल्या छात्रांना उड्डाणाच्या शिष्यवृत्त्या देण्याची प्रथा आहे. आपल्याकडे राष्ट्रीय छात्रसेनेचा हवाई विभाग १ एप्रिल १९५० रोजी मुंबई व कलकत्ता येथे एकेका पथकाने सुरू झाला, आणि आजही त्यातील छात्रांना अतिहलक्या विमानातून उड्डाणाचा पहिला अनुभव मिळतो.

परंतु ही शिष्यवृत्ती म्हणजे दान नव्हे, हा एक करार आहे. वायुदलात अल्प मुदतीच्या नियुक्तीने वैमानिक होणाऱ्यास १४ वर्षे सेवा करावी लागते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत प्रवेश घेणाऱ्या छात्राने व्यक्तिगत कारणासाठी शिक्षण अर्ध्यावर सोडले, तर त्याच्यावर झालेला खर्च भरून द्यावा लागतो. म्हणून शासन आपला पैसा गुंतविण्यापूर्वी उमेदवारास पुन्हा पुन्हा पारखते, यात नवल नाही.

या पारखण्याचे टप्पे अनेक आहेत. प्रबोधिनीची लेखी परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. तीत गणितास ३०० आणि सामान्य ज्ञान, भाषा, विज्ञान इत्यादींस मिळून ६०० गुण असतात. वायुदलात जाऊ इच्छिणाऱ्याने बारावीस भौतिकशास्त्र व गणित हे विषय घेतलेले असले पाहिजेत. हे सांगण्याचे कारण असे, की कित्येक विद्यार्थी दहावीनंतर दुसरी शाखा निवडतात आणि दोन वर्षांनी त्यांना हा नियम कळतो. लेखी परीक्षेनंतर निवड मंडळापुढे पाच दिवसांची मुलाखत होते, आणि तिलाही ९०० गुण असतात. वायुदलाच्या निवड मंडळांपैकी एक गांधीनगरला आहे. मात्र ते गुजरातचे गांधीनगर, नाशिकचे नव्हे. पत्रावरील गावाचे नाव नीट वाचणे, हीदेखील वैमानिकास शोभणारी सवय आहे!

या परीक्षांची तयारी करून घेण्यासाठी महाराष्ट्र शासनाने १९७७ साली औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे, मुलांसाठी सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था काढली. मुलींसाठी तशी संस्था नाशिकला २०२३ साली सुरू झाली. प्रबोधिनीचे दार मुलींना त्यापूर्वी थोडेच दिवस आधी उघडले होते. २०२२ साली तेथे गेलेल्या मुलींपैकी १७ जणींची पहिली तुकडी ३० मे २०२५ रोजी शिक्षण पुरे करून बाहेर पडली.

आता ज्या चाचणीस वैमानिक होऊ पाहणारे सर्वांत अधिक भितात, तिच्याकडे वळू. मात्र तिचे मर्म समजण्यासाठी आपणांस प्रथम त्या मैदानावर थबकलेल्या हेलिकॉप्टरात शिरले पाहिजे.

वैमानिकाच्या डाव्या हाताशी एक दांडा असतो. तो वर उचलला की डोक्यावर फिरणाऱ्या सर्व पात्यांचा कल एकाच वेळी वाढतो. पाती अधिक हवा खाली लोटतात आणि यंत्र वर चढते. उजव्या हातात दुसरा दांडा असतो. तो ज्या दिशेस झुकवावा, त्या दिशेस हेलिकॉप्टर सरकते. पायांखाली दोन पेडल असतात. त्यांनी शेपटीवरच्या लहान पंख्याचे बळ कमीअधिक होते. हा शेपटीचा पंखा शोभेचा नाही. मोठी पाती एका दिशेने फिरू लागली की यंत्राचे धड उलट दिशेने फिरू पाहते. गुळगुळीत फरशीवर उभे राहून एखादी जड वस्तू गरकन फिरविली तर आपले अंग उलट बाजूस वळू पाहते, तसाच हा प्रकार. शेपटीचा पंखा त्या ओढीला तोलून धरतो.

येथवर सारे सोपे वाटते. खरी गोम पुढे आहे. डाव्या हाताने दांडा थोडा उचलला की पात्यांवर भार येतो. भार आला की धडाची वळण्याची ओढ वाढते. म्हणून पाय हलवावा लागतो. पाय हलविला की शेपटीच्या पंख्याचा जोर बदलून यंत्र किंचित बाजूस सरकते. म्हणून उजवा हात हलवावा लागतो. उजवा हात हलविला की वर उचलून धरणाऱ्या बळाचा काही भाग बाजूकडे खर्च होतो, यंत्र थोडे खाली बसते, आणि पुन्हा डावा हात! या फेऱ्यास अंत नाही. शिवाय वारा आहेच. नवा शिकाऊ प्रथम घाबरून दांडे घट्ट आवळून धरतो आणि मोठमोठ्या हालचाली करतो. मग यंत्र पिसाळलेल्या वासरासारखे मैदानभर धावते. हळूहळू त्याचे हात सैल पडतात आणि बोटाच्या पेराएवढ्या हालचाली पुरेशा होऊ लागतात. जात्यावर दळताना एका हाताने खुंटा फिरवीत, दुसऱ्या हाताने घास घालीत, तोंडाने ओव्या म्हणणाऱ्या आपल्या आजी-पणजींना ही विद्या मला वाटते लवकर साधली असती.

हात, पाय, डोळे आणि कान यांनी एकाच वेळी वेगवेगळी कामे करावयाची आणि मन मात्र गोंधळू द्यावयाचे नाही, ही शक्ती उमेदवारात कितपत आहे हेच ती चाचणी पाहते. पूर्वी ती विशेष यंत्रांवर घेत. पडद्यावर एक ठिपका भरकटत असे. त्याला हातातील दांड्याने व पायांतील पेडलांनी चौकटीत राखावयाचे, आणि तेवढ्यात दिवा लागला किंवा घंटा वाजली तर दुसऱ्या कळीने ती विझवावयाची वा थांबवावयाची. दुसऱ्या एका यंत्रावर नागमोडी रेषेचा पाठलाग करावा लागे. आता संगणकाच्या साहाय्याने उमेदवारांची हीच कुवत अधिक बारकाईने मोजली जाते. या चाचणीचा एक नियम मोठा कठोर आहे : ती आयुष्यात एकदाच देता येते. लेखी परीक्षेत अपयश आले तर वय असेतो पुन्हा बसता येते. येथे नापास झालेल्यास वैमानिकशाखेचे दार कायमचे बंद होते. २०२१ साली १५ महिला सैन्याधिकाऱ्यांनी हेलिकॉप्टर वैमानिक होण्यासाठी स्वेच्छेने नावे दिली. ही चाचणी आणि वैद्यकीय तपासणी पार करून नाशिकच्या शिक्षणासाठी दोघींचीच निवड झाली.

नियम इतका कठोर का, असे तुम्हांस वाटेल. मलाही प्रथम तो निर्दय वाटला होता. पण पाहा, ही चाचणी पाठांतराची नाही. दुसऱ्या वेळी गुण वाढले तर ते यंत्राच्या ओळखीमुळे वाढतील, अंगच्या शक्तीमुळे नव्हे. आणि ती उसनी ओळख प्रत्यक्ष उड्डाणात उपयोगी पडावयाची नाही. मग या चाचणीची तयारीच करता येत नाही काय? थोडी येते. आदल्या रात्री पुरी झोप घेणे, ही पहिली तयारी. दुसरी म्हणजे सूचना लक्षपूर्वक ऐकणे. विमानातील उपकरणे कशी वाचावयाची हे तेथे आधी समजावून सांगतात आणि त्यावर लगेच प्रश्न विचारतात. वर्गात शिक्षक बोलत असता ज्याचे चित्त खिडकीबाहेर असते, त्याची तेथे फजिती होते.

या उपकरणांपैकी उंची दाखविणारे उपकरण आपण नमुन्यादाखल पाहू. ते घड्याळासारखे दिसते. लहान काटा हजार फूट दाखवितो, मोठा काटा शंभर फूट. लहान काटा २ आणि ३ यांच्या मध्ये आहे व मोठा काटा ५ वर आहे, म्हणजे उंची २,५०० फूट झाली. नाशिकवर उडणारा वैमानिक हे पाहून निर्धास्त झाला, तर मात्र चुकला. हे उपकरण समुद्रसपाटीपासून लाविलेले असेल, तर नाशिकची जमीनच जवळजवळ २,००० फुटांवर आहे, आणि त्याच्या खाली प्रत्यक्षात पाचएकशे फूटच उरले आहेत. त्र्यंबकेश्वराकडे वळला तर समोर ब्रह्मगिरी आणि अंजनेरी यांचे कडे त्याहूनही उंच आहेत. काटा बरोबर आहे, वाचनही बरोबर आहे. पण हे अंतर कोठून मोजले, हा प्रश्न ज्याने विचारला नाही त्याच्यावर संकट ओढवते.

अंकगणिताचेही तसेच. समजा, १०० किलोमीटर दूरच्या ठिकाणी जाऊन परत यावयाचे आहे आणि यंत्राचा वेग ताशी १५० किलोमीटर आहे. वारा नसेल तर जाण्यास ४० आणि येण्यास ४० अशी ८० मिनिटे लागतील. आता ताशी ३० किलोमीटर वेगाचा वारा समोरून वाहू लागला. पुष्कळ विद्यार्थी म्हणतात, जाताना जे नुकसान होईल ते येताना भरून निघेल. ते खरे नाही. जाताना वेग १२० होऊन ५० मिनिटे लागतील. येताना १८० होऊन ३३ मिनिटे २० सेकंद लागतील. एकूण ८३ मिनिटे २० सेकंद झाली. वरची ३ मिनिटे २० सेकंद कागदावर क्षुल्लक दिसतात. इंधनाच्या टाकीत ती क्षुल्लक नसतात.

वैद्यकीय तपासणीविषयीही सांगणे अवश्य आहे. वायुदलाच्या वैमानिकशाखेसाठी किमान उंची १६२.५ सेंटिमीटर लागते. एवढेच नव्हे, तर बसल्यावरची उंची, पायांची लांबी आणि मांडीची लांबीही मोजतात. मांडी ६४ सेंटिमीटरांहून अधिक लांब चालत नाही. विमानातील बैठक माणसाच्या मापाने वाढविता येत नाही, माणूसच बैठकीच्या मापाचा निवडावा लागतो. दृष्टीची परीक्षा त्याहून कडक असते, आणि तीत रंगज्ञानाचा भाग महत्त्वाचा आहे. विमानाच्या डाव्या टोकास तांबडा, उजव्या टोकास हिरवा आणि मागे पांढरा दिवा असतो. रात्री समोर तांबडा व हिरवा असे दोन्ही दिवे दिसले, म्हणजे ते विमान आपल्याच रोखाने येत आहे, असे वैमानिक ओळखतो. बिनतारी यंत्र बंद पडले, तर मनोऱ्यावरून हिरवा झोत टाकून उतरण्याची परवानगी आणि तांबडा झोत टाकून नकार देतात. ज्याला या दोन रंगांतील भेद कळत नाही, त्याला हे सर्व संकेत मुके होतात.

माझ्या परिचयाचा एक विद्यार्थी होता. धावण्यात पहिला, गणितात हुशार. त्याने चार वर्षे दुसरा कसलाही विचार केला नाही. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली, आणि वैद्यकीय तपासणीत त्याच्यापुढे रंगीत ठिपक्यांचे एक पुस्तक उघडण्यात आले. इशिहारा नावाच्या जपानी वैद्याने १९१७ साली तयार केलेल्या त्या पटांवर, निरोगी डोळ्यास ठिपक्यांत लपलेला आकडा दिसतो. या मुलास पुष्कळ पटांवर काहीच दिसले नाही. तांबड्या-हिरव्याचा भेद आपणांस नीट कळत नाही, हे अठरा वर्षांत त्याला ठाऊक नव्हते; पिकलेले आणि कच्चे टोमॅटो तो हाताने दाबून ओळखी, व तसेच सगळे ओळखतात असे त्याला वाटे. हा दोष जन्मजात असतो, मुलींपेक्षा मुलांत पुष्कळ अधिक आढळतो, आणि त्यावर उपाय नाही. त्याची तपासणी मात्र नेत्रवैद्याकडे काही मिनिटांत होते. ती आठवीतच झाली असती, तर त्या मुलाची चार वर्षे दुसऱ्या दिशेने गेली असती. पुढे त्याने यंत्रविद्येचा अभ्यास केला. पण त्या दिवशी घरी परत आल्यावर तो दोन दिवस कोणाशी बोलला नाही, हे त्याच्या आईने मला सांगितले.

सैन्याच्या शिक्षणात एक पाठ असा आहे, की तो बाहेरच्या माणसास वेडेपणाचा वाटेल. इंजिन बंद पडले असे गृहीत धरून खाली यावयाचे. हेलिकॉप्टरास विमानासारखे पसरट पंख नसतात. मग ते दगडासारखे कोसळत का नाही? उत्तर असे, की इंजिन थांबताच वैमानिकाने डावा दांडा तत्काळ खाली दाबला, तर खालून येणारी हवाच पात्यांना फिरवीत ठेवते. पिंपळाचे पान पाहू नका, ते भरकटते. जत्रेतील कागदी भिरभिरे धरून पळणारे मूल पाहा. जमीन जवळ आली की पात्यांत साठलेला तो वेग खर्चून यंत्र अलगद टेकविता येते. दांडा दाबण्यास मिळणारा अवधी मात्र एकदोन सेकंदांचाच असतो. विचार करण्यास तेवढा वेळ पुरत नाही. म्हणून हाताला सवय लावतात. २१ जून १९७२ रोजी फ्रान्समध्ये झां बुले या वैमानिकाने लामा जातीचे हेलिकॉप्टर १२,४४२ मीटर उंचीवर नेले. तेथे इंजिन बंद पडले, आणि तो एवढ्या उंचीवरून पात्यांच्या आधारे सुखरूप खाली उतरला. याच लामा हेलिकॉप्टराची भारतात बांधलेली आवृत्ती म्हणजे आपले चित्ता. सियाचीनच्या हिमनदीवर, जेथे हवा विरळ होऊन पात्यांना पकड मिळेनाशी होते, तेथील चौक्यांना याच चित्त्याने वर्षानुवर्षे रसद पोहोचविली आणि आजारी जवानांना खाली आणले. तेथे जाणाऱ्या सैनिकी वैमानिकांपैकी कित्येकांनी लढाऊ उड्डाणाचे धडे नाशिकच्या या मैदानावर गिरविले आहेत.

सैन्याच्या उड्डाणदलात वैमानिक होण्यासाठी आधी सैन्याचा अधिकारी व्हावे लागते, आणि दीर्घकाळ हा मार्ग पुरुषांपुरताच होता. महिला अधिकाऱ्यांना त्या दलात जमिनीवरचीच कामे मिळत. हरियाणाच्या अभिलाषा बराक या २०१८ साली सैन्यात अधिकारी झाल्या. उड्डाणदलासाठी अर्ज भरताना आपणांस जमिनीवरचेच काम मिळू शकते, हे त्यांना ठाऊक होते. तरीही आपण वैमानिकाची ती एकदाच देता येणारी चाचणी उत्तीर्ण झालो आहोत, ही गोष्ट त्यांनी अर्जात नमूद करून ठेवली. नियम बदलला तेव्हा त्या पात्र ठरल्या. नाशिकला शिक्षण पुरे करून २५ मे २०२२ रोजी याच गांधीनगरच्या मैदानावर, इतर ३६ वैमानिकांसमवेत, त्यांच्या गणवेशावर पंखांचे चिन्ह लावण्यात आले. सैन्याच्या उड्डाणदलात लढाऊ वैमानिक झालेल्या त्या पहिल्या महिला होत.